वाजवून घेतलेलं लाकूड

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, निवडणं-टिपणं करत करतच ऐका. आजची गोष्ट हाताच्या कामाचीच आहे.

उन्हाळा लागला की आपण माठ घ्यायला बाजारात जातो. कुंभारदादा सांगत असतो, "घ्या ताई, एक नंबर माल आहे." आपण हो म्हणतो, पण पैसे काढायच्या आधी माठ उचलतो आणि बोटानं टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर भाजणी पक्की. भद्द वाजला तर कुठंतरी बारीक चीर आहे, डोळ्याला दिसत नसली तरी. माझ्या सासूबाई तर दुकानातले दहा माठ वाजवायच्या आणि अकरावा घ्यायच्या. हे शास्त्र त्यांना कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. आईचं बघून त्या शिकल्या आणि त्यांचं बघून मी.

आज अमेरिकेतल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. लाकडाला अशीच टिचकी मारत मारत ती व्हायोलिन करायला शिकली. तिच्या घराण्यात हे काम नव्हतं आणि ते तिचं पोटापाण्याचं साधनही नव्हतं. शाळेत शिकवणारी ही बाई. छत्तिसाव्या वर्षी हौस म्हणून तिनं हत्यार हातात घेतलं, आणि पुढं मोठमोठे शास्त्रज्ञ तिचं ऐकायला लागले. तिचं नाव कार्लीन हचिन्स.

आधी व्हायोलिनबद्दल थोडं सांगते. आपल्याकडं जुनी माणसं त्याला फिडल म्हणायची. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना ते शिकवलं जायचं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत १९२२ साली जन्मलेले व्ही. जी. जोग यांनी आपलं रागसंगीत या वाद्यावर देशभर पोचवलं. म्हणजे वाद्य परदेशातलं असलं तरी आपल्याला परकं नाही.

हे वाद्य करतात कसं? वरची पाटी स्प्रूस नावाच्या झाडाच्या लाकडाची. हे झाड थंड डोंगरात वाढतं, पानं सुईसारखी, लाकूड हलकं आणि सरळ रेषांचं. मागची पाटी, बाजूच्या पट्ट्या आणि मान मेपल नावाच्या टणक लाकडाची. हे लाकूड कित्येक वर्षं सावलीत वाळवत ठेवतात. मग जाड फळी घेऊन ती पटाशीनं आणि छोट्या रंध्यानं कोरत आणायची. वरून फुगीर, आतून पोकळ, आपल्या काठवटीसारखी. कोरून कोरून वरची पाटी शेवटी जेमतेम तीन मिलिमीटर उरते. बाजूच्या पट्ट्या तर एक मिलिमीटरच्या. त्या ओल्या करून तापलेल्या लोखंडावर वाकवायच्या. घाई केली की मोडल्याच.

हे सगळं जोडायचं ते जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसानं. तुम्ही म्हणाल, एवढं नाजूक काम, मग त्याला एकदम पक्कं चिकटणारं काहीतरी का लावत नाहीत? त्यामागं विचार आहे. सरसाचा जोड लाकडापेक्षा थोडा कमी ताकदीचा असतो. हवा कोरडी पडून लाकूड आकसलं, तर लाकूड न फाटता जोड सुटतो. आणि दुरुस्ती करायची असेल तर वाद्य उघडता येतं. तीनशे वर्षांपूर्वीची व्हायोलिनं आज वाजतात, त्यामागं हा सुटणारा जोडही आहे.

आत, दोन्ही पाट्यांच्या मध्ये, एक बारीक काडी उभी असते. तिला ना सरस, ना खिळा. नुसत्या दाबानं उभी राहते. पण ती केसभर सरकली तरी आवाज बदलतो. फ्रेंच लोक तिला 'आत्मा' म्हणतात.

ही कला सगळ्यात नावाजली ती इटलीतल्या क्रेमोना नावाच्या गावात. सोळाव्या शतकात तिथं आमाती घराणं हे काम करायचं. पुढं आन्तोनियो स्त्रादिवारी झाला. तो १७३७ साली वारला, आणि म्हातारपणीही त्याच्या हातातलं काम सुटलं नव्हतं. त्याच्या व्हायोलिनांची किंमत आज कोटी कोटी रुपयांत होते. बापाकडून मुलाला, गुरूकडून चेल्याला असं हे ज्ञान जायचं. वाद्याच्या आत चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावर कारागिराचं नाव. ही नावं पुरुषांची. त्या घरांतल्या बायका काय करत असतील, सरस शिजवत असतील की रंग ढवळत असतील, चिठ्ठीवर काही ते आलेलं नाही. आपल्याकडचंच बघा. कुंभाराच्या घरी माती मळते कोण, विणकराच्या घरी कांड्या भरते कोण? माल मात्र घरधन्याच्या नावानं विकला जातो.

आता कार्लीनकडं येऊ. तिचा जन्म १९११ सालचा. लहानपणापासून लाकूड कोरायची आवड. कॉर्नेल विद्यापीठातून १९३३ साली जीवशास्त्राची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कमधल्या मुलींच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायला लागली. लग्न झालं, नवरा रसायनशास्त्रातला. दोन मुलं झाली. न्यू जर्सी राज्यात माँटक्लेअर नावाच्या गावात त्यांचं घर होतं.

कार्लीन ट्रम्पेट वाजवायची. आपल्या बँडबाजात असतो ना, तसला पितळी कर्णा. तिच्या मैत्रिणी एकत्र बसून तंतुवाद्यं वाजवायच्या. आता चारजणी हळुवार वाजवत असताना मध्येच कर्णा फुंकला तर कसं होईल? मग तिनं स्वस्तातला एक व्हियोला विकत घेतला. व्हियोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, थोडी मोठी आणि खालच्या आवाजाची. तो काही तिच्या मनासारखा वाजेना. चांगला घ्यायचा तर पैसे कुठून आणणार? तिच्या मनात आलं, आपणच केला तर?

ती बाळंतपणासाठी नोकरीतून घरी होती, त्याच सुमाराची ही गोष्ट. साल १९४७. शाळेतल्या संगीताच्या बाई हेलन राइस तिची मैत्रीण होती. तिनं पैजच लावली की हे काही तुझ्यानं व्हायचं नाही. मैत्रिणींनो, आपल्याला कोणी असं म्हटलं की आपण दोनपैकी एक करतो. एक तर गप्प बसतो, नाहीतर करूनच दाखवतो. कार्लीननं दोन वर्षं घेतली. घर, मुलं, स्वयंपाक सांभाळून, वेळ मिळेल तसं कोरत राहिली. १९४९ साली व्हियोला तयार झाला. हेलन पैज हरली, पण सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला. पुढं आयुष्यभर ती कार्लीनच्या पाठीशी राहिली.

पहिला व्हियोला काही फार उत्तम वाजत नव्हता. पण तो वाजत होता. आपली पहिली भाकरी कुठं गोल होते? पहिली भाकरी येण्यासाठी असते, गोल पुढची होते.

आता तिला खरं शिकायची ओढ लागली. न्यूयॉर्कमध्ये राहणारे एक मुरलेले स्विस कारागीर होते, कार्ल बर्गर. त्यांच्याकडं ती काही वर्षं जात राहिली. पुढं इटलीहून आलेले सिमोने साक्कोनी यांच्याकडूनही शिकली. ते स्त्रादिवारीच्या कामाचे मोठे जाणकार. चाळिशीची, दोन मुलांची आई, हौशी बाई, आणि ती म्हाताऱ्या उस्तादांकडं शिकाऊ म्हणून जाते. वयाची लाज तिनं धरली नाही, आणि शिकवणाऱ्यांनीही दार लावलं नाही.

त्याच काळात तिची ओळख फ्रेडरिक साँडर्स यांच्याशी झाली. ते हार्वर्ड विद्यापीठातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. व्हायोलिनचा आवाज कशामुळं चांगला होतो, हे ते शोधत होते. पण त्यांची अडचण अशी की प्रयोगासाठी भारी व्हायोलिन कापायला कोण देणार? कार्लीन म्हणाली, मी करते, तुम्ही कापा. मग तिनं वाद्यं केली ती मोडण्यासाठी, बदलण्यासाठी. पाटी थोडी तासायची, आवाज मोजायचा. भोक मोठं करायचं, परत मोजायचं. तिच्या एका व्हायोलिनच्या बाजूंना तर तिनं ६५ भोकं पाडली आणि प्रत्येकाला बूच लावलं. कोणतं बूच काढलं की आवाज कसा बदलतो ते बघायचं. भोकाभोकांच्या चीजचं नाव त्या वाद्याला दिलं, ग्रुयेर. स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूला भोकं पाडायला किती मोठं काळीज लागतं, हे शिवणकाम करणारीला विचारा.

आता टिचकीची गोष्ट. जुने कारागीर पाटी कोरताना ती दोन बोटांत धरून ठोकायचे आणि कानाजवळ नेऊन ऐकायचे. अजून थोडं तासू का, की बस, हे कान सांगायचा. पण कानाचं ज्ञान दुसऱ्याला सांगायचं कसं? उस्ताद म्हणणार, "ऐक, असा आवाज आला पाहिजे." शिकणाऱ्याला असा म्हणजे कसा ते कळायला दहा वर्षं जातात. कार्लीनला तो आवाज डोळ्यांना दिसायला हवा होता.

इथं आपल्याला दीडशे वर्षं मागं जावं लागेल. जर्मनीत ख्लाडनी नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी १७८७ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं की धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून पत्र्याच्या कडेला व्हायोलिनचा गज घासला की वाळू उड्या मारते आणि आपोआप नक्षी तयार होते. अगदी रांगोळी. पत्रा जिथं थरथरतो तिथून वाळू पळते आणि जिथं स्थिर असतो तिथं गोळा होते. पॅरिसमध्ये नेपोलियननं हे बघितलं आणि थक्क झाला. मग १८०९ साली तिथल्या विज्ञान अकादमीनं बक्षीस जाहीर केलं, ३,००० फ्रँकचं: ही नक्षी का होते, ते गणितानं सांगा.

भले भले गणिती मागं सरले. पुढं आली ती एक बाई, सोफी जर्मँ. १७७६ चा जन्म. लहानपणी तिनं गणित शिकू नये म्हणून आईवडील रात्री तिच्या खोलीतली मेणबत्ती काढून घ्यायचे. ती लपवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात, गोधडी पांघरून अभ्यास करायची. पॅरिसच्या मोठ्या तंत्रविद्यालयात मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून तिनं तिथल्या व्याख्यानांच्या वह्या मिळवल्या आणि एका पुरुषाच्या नावानं आपली उत्तरं पाठवली. या बक्षिसासाठी तिनं तीनदा निबंध पाठवला. पहिल्यांदा, १८११ साली, पाठवणारी ती एकटीच होती, तरी चुका आहेत म्हणून नाकारलं. दुसऱ्यांदा नुसती शाबासकी मिळाली. तिसऱ्यांदा, १८१६ साली, बक्षीस तिला मिळालं. ते घ्यायला ती गेलीच नाही. का गेली नसेल, ते तुम्हीच समजून घ्या.

तर हीच रांगोळी कार्लीननं आपल्या लाकडावर उमटवली. कोरलेली पाटी, अजून जोडायच्या आधीची, स्पीकरच्या वर आडवी ठेवायची. पाटीवर चमकी टाकायची, नाताळच्या सजावटीत वापरतात ती. स्पीकरमधून एकच सूर सोडायचा आणि तो हळूहळू चढवत न्यायचा. एका ठरावीक सुराला चमकी उड्या मारायला लागते आणि फुलीसारखी नक्षी उमटते. आणखी वरच्या सुराला बंद कड्यासारखी नक्षी येते. कडं कुठं तुटलं, वाकडं झालं, तर पाटी तिथं जाड आहे की पातळ, याचा अंदाज घ्यायचा. मग हलक्या हातानं तासायचं आणि परत बघायचं. वरच्या आणि मागच्या पाटीची नक्षी जुळत्या सुरांना आली की मगच जोडायचं. कारागिराच्या कानातलं गुपित शाळेतल्या मुलीलाही बघता येईल असं समोर आलं.

यातली मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. कार्लीननं हे लपवून ठेवलं नाही. कारागिरांमध्ये रीत अशी की वार्निशची कृती सांगायची नाही, जाडीची मापं दाखवायची नाहीत. तिनं १९६३ साली काही मित्रांबरोबर एक संस्थाच काढली, कॅटगट अकूस्टिकल सोसायटी. कॅटगट म्हणजे मेंढीच्या आतड्याची तार. संस्थेचा कारभार तिच्या राहत्या घरातून चालायचा. कारागीर, शास्त्रज्ञ, वादक आणि हौशी माणसं, सगळी एकत्र आली. कोणी काय करून बघितलं, काय फसलं, ते पत्रिकेत छापून एकमेकांना पाठवायचे. आपल्या बचत गटाच्या बैठकीसारखंच म्हणा ना, फक्त जमा व्हायचं ते ज्ञान. १९६२ आणि १९८१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' या नावाजलेल्या मासिकात तिचे लेख आले, आणि सगळ्या जगातले हौशी लोक पाटीवर चमकी टाकून बघायला लागले.

सगळं गोडच झालं असं नाही. एका संगीतकारानं १९५७ साली तिला विचारलं होतं, की अगदी लहानापासून माणसापेक्षा उंच वाद्यापर्यंत, व्हायोलिनसारख्याच आवाजाची आठ वाद्यं करता येतील का? तिनं ती केली. १९६५ साली न्यूयॉर्कला त्यांची मैफल झाली. पुढं यो-यो मा या जगप्रसिद्ध वादकानं त्यातल्या एका वाद्यावर ध्वनिमुद्रणही केलं. पण ही आठ वाद्यं वाद्यवृंदांनी घेतली नाहीत. जुन्या वाद्यांची सवय मोडत नाही. काही कारागीर म्हणाले, चमकीनं कुठं व्हायोलिन होतं का? आणि त्यात थोडं तथ्यही निघालं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की नुसती सुट्या पाटीची नक्षी जुळली म्हणजे वाद्य चांगलं होईलच, अशी खात्री देता येत नाही. जोडल्यावर सगळंच बदलतं. पण हे तरी कसं कळलं? तिनं सगळं उघड लिहून ठेवलं होतं, म्हणूनच दुसऱ्यांना ते तपासता आलं.

कार्लीन २००९ साली, ९८ व्या वर्षी वारली. तिच्या हातून शेकडो वाद्यं झाली.

अजून एक छोटी गोष्ट सांगते. ती गेल्यानंतर पुढच्याच वर्षी, २०१० साली, क्लोदिया फ्रिट्झ या फ्रेंच संशोधक बाईंनी अमेरिकेत एका हॉटेलच्या खोलीत एक परीक्षा घेतली. सहा व्हायोलिनं ठेवली. तीन नवी, तीन जुनी, त्यातली दोन खुद्द स्त्रादिवारीची. २१ वादकांना बोलावलं. खोलीत अंधुक उजेड, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे. वासानं सुद्धा ओळखू नये म्हणून वाद्याला थोडं अत्तर लावलं. मग विचारलं, यातलं कोणतं घरी न्याल? २१ पैकी फक्त आठ जणांनी जुनं निवडलं. सगळ्यात जास्त आवडलेलं वाद्य नवं होतं, आणि सगळ्यात कमी आवडलेलं होतं स्त्रादिवारीचं. म्हणजे चिठ्ठीवरचं नाव झाकलं, की हाताचं काम तेवढं उरतं.

मैत्रिणींनो, आपल्या मिरजेत सतार आणि तंबोरा करणारी घराणी आहेत. मूळची ती शिकलगार, म्हणजे हत्यारं करणारी, धार लावणारी माणसं. हत्यारांचं काम कमी झालं तसं एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडं वळली. पंढरपूरकडचे मोठे भोपळे आणून, वाळवून, त्यांचे तंबोरे करतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथंही भोपळा वाजवूनच घेतात. मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत जरूर डोकावा. आणि सोबत मुलगी असेल तर तिलाही घेऊन जा, तिलाही हात लावून बघू द्या.

ही गोष्ट मी आज का सांगितली? आपल्यातली प्रत्येकजण काहीतरी जाणते. कोणाच्या पापडाला भेग पडत नाही. कोणाला बी हातात घेऊन कळतं उगवेल की नाही. कोणी वाकळ अशी शिवते की टाका उलटा कुठला अन् सुलटा कुठला सांगता येत नाही. विचारलं की आपण म्हणतो, "त्यात काय, अंदाजानं करते." तो अंदाज म्हणजेच शास्त्र आहे. फक्त ते आपल्या बोटांत राहतं आणि आपल्याबरोबर जातं. माझ्या सासूबाईंच्या हातचं मेतकूट असंच गेलं. मी कधी मापं विचारली नाहीत, त्यांनी कधी सांगितली नाहीत. आता मी दरवर्षी करून बघते आणि दरवर्षी चुकते.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं ठेवा. एकीनं आपलं एक काम सांगायचं आणि दुसरीनं ते लिहून घ्यायचं. किती मुठी, किती वेळ, आवाज कसा येतो, रंग कसा होतो, आणि फसतं कुठं, सगळं. जिला लिहिता येत नाही तिनं बोलावं, मुलीनं किंवा सुनेनं लिहावं. आणि लिहिलेल्याच्या खाली सांगणारीचं नाव घाला. इतकी वर्षं चिठ्ठीवर आपलं नाव नव्हतं, आता असू द्या.

आणि कोणाला पस्तिशी-चाळिशीत नवीन काही शिकावंसं वाटत असेल, सायकल असो, पेटी असो, सुतारकाम असो, आणि घरचं कोणी म्हणालं, "आता या वयात?", तर त्यांना ही गोष्ट सांगा. पहिली भाकरी वाकडी झाली तरी चालेल.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.